गोरोचा एकांत, माझं एकटेपण

'कोदोकु नो गुरुमे' ही जपानी मालिका २०१२मध्ये सुरू झाली. मासायुकी कुसुमींची कथा आणि जिरो तानिगुचींची चित्रं असलेल्या मांगावर ती बेतलेली आहे. आयात मालाचा व्यापारी गोरो काम संपवतो, त्याला कडकडून भूक लागते, तो एखाद्या साध्या खानावळीत शिरतो आणि एकट्याला झेपेल त्याहून जास्त मागवतो. बस्स, एवढंच!

ऑफिसच्या कामासाठी टोकियोला गेले, तेव्हा मीही गोरो व्हायचं ठरवलं. काउंटरवर बसून कात्सुदोन मागवला, वर ग्योझा. 'अजून कोणी येणार आहे का?' असं कुणी विचारलं नाही. तरी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि रिप्लायची वाट बघत बसले. भात निवला.

तेव्हा कळलं, गोरोची चैन ताटात नाहीच. जेवताना तो कुणाचं काही देणं लागत नाही, ही त्याची चैन.

पण 'कोदोकु' म्हणजे एकाकीपणा, आणि मालिका दाखवते तो एकांत. गोरोचं पोट भरलं की गोष्ट संपते. माझी हॉटेलच्या खोलीचं दार उघडल्यावर सुरू झाली.