नाथांनी आवरलेली लेखणी

लेखन म्हणजे आपले मनोगत सांगणे, असे आपण सहज म्हणतो. नाथमहाराजांचे चरित्र याहून खोल उत्तर देते. शके १४९५ मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण झाले. पुढे शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. माउलींचा ग्रंथ होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. नकला होता होता पाठ बिघडले होते. भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्या रचणाऱ्या हाताला चार ओव्यांची भर घालणे मुळीच अवघड नव्हते. पण त्यांनी अपपाठ दूर केले, आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे शेवटी बजावले.

स्वतःचे निरूपण नाथांनी भरभरून लिहिले. माउलींचा शब्द जपताना लेखणी आवरली. दोन्ही सेवाच. आज आपण मात्र निरूपण लिहिताना ऐकीव चरण तुकोबांच्या नावावर बेधडक घालतो, आपले मत त्यांच्या तोंडी देतो. वाचक ते संतवचन म्हणून पाठ करतो. म्हणून लिहिणाऱ्याने आधी गाथा उघडावी. चरण तिथे सापडला नाही, तर तो आपला म्हणूनच लिहावा.