परोपकाराचे प्रवासवृत्त

परोपकाराची स्तुती करणारे वाङ्मय आपल्याकडे विपुल आहे; परोपकाराची परीक्षा करणारे मात्र क्वचितच आढळते. दान देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे दानाचा परिणामही शुद्धच होणार, अशी आपली एक भाबडी समजूत असते आणि आपले चरित्रग्रंथ व आत्मवृत्ते ती समजूत सहसा ढळू देत नाहीत. अशा स्थितीत पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आज पुन्हा उघडून पाहणे अगत्याचे वाटते.

ते उघडण्यास निमित्त घडले ते अगदी घरगुती आहे. नेरुळास आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सुशिक्षित कुटुंबातील मुलीने सुटीतील तीन आठवडे परदेशातील एका अनाथाश्रमात मुलांची सेवा करण्याचे मनात घेतले होते. खाडीकाठच्या जुन्या गावाभोवती सिडकोने वसविलेले हे नगर आता शिक्षणसंस्थांनी गजबजून गेले आहे. येथून परदेशी शिकावयास जाणारी मुले ही नवलाई उरलेली नाही, आणि तिकडील विद्यापीठांस अर्ज करताना अशा सेवेचा दाखला उपयोगी पडतो, हेही घरोघरी ठाऊक झाले आहे. त्या मुलीच्या मनात हा हिशेब मुख्य नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. तिला मुलांची खरोखरच माया होती. तिच्या आईने माझा सल्ला विचारला. सल्ला देण्याचा अधिकार मजपाशी नव्हता. म्हणून मी मुलीच्या हाती रमाबाईंचे पुस्तक दिले, आणि दिल्यावर आपणच ते पुरते विसरलो आहोत असे ध्यानात येऊन स्वतःही पुन्हा वाचावयास घेतले.

रमाबाई १८८६ च्या आरंभी अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी. काही दिवसांच्या पाहुणचारासाठी गेलेली ही विदुषी तेथे सुमारे तीन वर्षे राहिली, देशभर हिंडली, व्याख्याने दिली, आणि परत आल्यावर तिने अमेरिकेचे हे वर्णन मराठीत लिहिले. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार अशा विषयांनी त्याची प्रकरणे पाडली आहेत. प्रवासवर्णन म्हटले की निसर्गशोभा व भोजनाचे प्रकार यांची अपेक्षा करणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. लेखिकेचे लक्ष संस्थांवर आहे. माणसे एकत्र येतात कशी, वर्गणी जमवितात कशी, आणि सरकारच्या तोंडाकडे न पाहता लोकहिताची कामे चालवितात कशी, हे तिला जाणून घ्यावयाचे आहे.

या ग्रंथाचा पहिला गुण म्हणजे त्यातील निर्भय दृष्टी. ज्या देशाने आपल्याला आदराने वागविले, ज्याच्या लोकांकडून आपल्या भावी कार्यास द्रव्य मिळावयाचे आहे, त्या देशाचे दोष सांगण्यास रमाबाई कचरत नाहीत. तेथील मूळ रहिवाशांवर गोऱ्या वसाहतकारांनी केलेला अन्याय त्यांनी झाकला नाही. कृष्णवर्णीयांविषयीचा तुच्छभाव गुलामगिरी संपल्यावरही संपला नाही, हेही त्यांनी सांगितले आहे. पाश्चात्त्य प्रवासी हिंदुस्थानात येऊन आपल्यावर ग्रंथ लिहीत असतानाच्या काळात एका मराठी स्त्रीने पाश्चात्त्यांस न्यायासनासमोर उभे करावे, हा प्रसंग वाङ्मयेतिहासात साधा नव्हे.

तथापि ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. दानधर्माच्या वर्णनात ही न्यायबुद्धी काहीशी सैल पडते. पाहुण्यास संस्था दाखविणारा मनुष्य हा बहुधा संस्थेचा चालक असतो आणि पाहुणा तीच बाजू पाहतो. रमाबाईंच्या वर्णनात संघटनेची शिस्त दिसते, कार्यकर्त्या स्त्रियांचा उत्साह दिसतो. ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांचा शब्द मात्र ऐकू येत नाही. स्वदेशाच्या आळसावर कोरडा ओढण्यासाठी लेखिकेला परदेशाचे उदाहरण हवे आहे, आणि हातातील कोरड्याची तपासणी करीत बसण्यास तिला सवड नाही. हा दोष त्या काळच्या सर्वच सुधारकी लेखनाचा आहे. ज्या बाईंनी तो केला त्यांनीच पुढे आपल्या आयुष्याने त्याचे परिमार्जन केले, म्हणून तो येथे नोंदवून ठेवण्याजोगा वाटतो.

ते परिमार्जन असे. रमाबाई स्वतः अनाथ होत्या. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांना अन्नावाचून गेलेले त्यांनी पाहिले होते. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. अमेरिकेतील भ्रमंतीत या मुलीस जवळ ठेवणे अशक्य झाल्यामुळे तिला इंग्लंडात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे पाठवावे लागले. दुसऱ्यांच्या मुलांसाठी घर उभारावयास निघालेल्या या मातेस स्वतःचे मूल परक्यांच्या हाती सोपवावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवून तिचा दानधर्मावरील मजकूर वाचला म्हणजे त्यातील उत्साहाखाली एक निराळाच स्वर लागतो.

फिलाडेल्फियास राहून त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, म्हणजे मुलांत मिसळण्यापूर्वी मुलांना कसे शिकवावे हे त्या शिकल्या. मुंबईस परतताच ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर ‘शारदा सदन’ उघडले. पुढे ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. तेथे मुलींना छापखान्यापासून विणकामापर्यंत पोट भरण्याचे धंदे शिकविले. ५ एप्रिल १९२२ रोजी देहावसान होईपर्यंत त्या केडगावीच होत्या. अमेरिकेतील संस्था पाहून आलेली प्रवासिनी येथे प्रवासिनी राहिली नाही.

येथे एक कडू प्रकरण टाळता येत नाही. शारदा सदनास बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनचे द्रव्य मिळत असे, आणि संस्थेत कोणत्याही धर्माची सक्ती नसावी अशी अट होती. काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे सल्लागार १८९३ साली संस्थेपासून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावचे मुक्ती तर उघडपणे ख्रिस्तीच होते. या वादात कोणाची बाजू किती खरी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या प्रश्नापुरते इतकेच पाहावयाचे की, परोपकार जेव्हा दुरून येतो तेव्हा त्याबरोबर देणाऱ्याची श्रद्धा, त्याच्या अटी आणि त्याची वार्षिक अहवालाची भूकही येते. आणि त्या सगळ्यांचा भार अखेरीस त्या घरात निजणाऱ्या मुलीवर पडतो.

त्या मुलीचा शब्द कोठे ऐकावयास मिळतो? सुदैवाने एका ठिकाणी मिळतो. शारदा सदनात प्रवेश करणारी पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन ती आनंदीबाई झाली, आणि १९४४ साली तिचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे आहे. ते संस्थेच्या संस्थापकाचे पुस्तक, आणि तेही किती निरहंकारी! परंतु ‘माझे पुराण’ ज्या जागेवरून लिहिले गेले ती जागा आपल्या परोपकारविषयक वाङ्मयात जवळजवळ रिकामीच आहे. दार उघडणाऱ्याची हकीकत आपणास पुष्कळ ठाऊक आहे. दारातून आत आलेली व्यक्ती काय घेऊन आली व तिने काय सोडले, हे आनंदीबाईंच्या बोलीभाषेच्या घडणीच्या साध्या वाक्यांतून कळते. रमाबाईंच्या प्रवासवृत्तात जी उणीव मला जाणवली ती भरून काढणारे पुस्तक त्यांच्याच पहिल्या विधवा विद्यार्थिनीने पंचावन्न वर्षांनी लिहावे, हा योग मोठा विलक्षण आहे.

आनंदीबाईंच्या पुस्तकाने आणखी एक गोष्ट शिकविली. गोदूबाईला आईवडील होते, भाऊ होता. त्या भावानेच तिला मुंबईस आणले. तरीही बालविधवा म्हणून ती आश्रयाची अधिकारिणी ठरली. कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ असे होते, आणि तेथे येणाऱ्या सगळ्याच मुलींचे आईबाप वारलेले होते असे नव्हे. ‘अनाथ’ या शब्दाचा मूळ अर्थच पाहा: ज्यास नाथ नाही, संरक्षक नाही, तो अनाथ. मरणाने मनुष्य अनाथ होतो त्याहून अधिक वेळा रूढीने, दारिद्र्याने आणि दुर्लक्षाने होतो. आपल्या पूर्वजांच्या संस्था या शब्दाचा हा व्यापक अर्थ जाणून होत्या. आजचा दयाळू प्रवासी मात्र त्या शब्दाचा संकुचित अर्थ घेऊन विमानात बसतो.

हे विधान कठोर वाटेल, म्हणून आधार देतो. जगातील अनाथाश्रमांत असलेल्या मुलांपैकी पाचांपैकी चौघांचे आई किंवा बाप जिवंत आहेत, असा अंदाज ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केला. कंबोडियात २००५ नंतरच्या पाचच वर्षांत अशा आश्रमांची संख्या तीन-चतुर्थांशाने वाढली, असे युनिसेफच्या पाहणीत दिसून आले. मुलांपैकी बहुसंख्यांचे पालक हयात होते. आश्रम पाहावयास व तेथे सेवा करावयास पैसे भरून येणारे परदेशी लोक हे त्या वाढीचे एक कारण होते. मुले आहेत म्हणून आश्रम, हा क्रम उलटून आश्रम आहे म्हणून मुले, असा झाला. गरीब आईबापांस ‘मुलाला शिक्षण मिळेल’ असे सांगून मूल नेले जाते, आणि पाहुण्यांची दया टिकावी म्हणून आश्रमाची दैन्यावस्थाही टिकविली जाते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली या व्यवहाराची आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत दखल घेतली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथाश्रमांतील अशा हौशी सेवेपासून होणाऱ्या अपायाचा स्पष्ट उल्लेख केला.

अपाय तो कोणता? जॉन बोल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात दाखविले की, लहान मुलास एका कायम व्यक्तीचा जिव्हाळा अन्नाइतकाच आवश्यक असतो. दर तीन आठवड्यांनी नवी ताई येते, मुलास उचलून घेते, गाणे शिकविते आणि डोळे पुसत निघून जाते. ताईच्या आयुष्यात तो एक रम्य प्रसंग असतो. मुलाच्या आयुष्यात तो विसावा वियोग असतो. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात मिठी मारणारे मूल पाहून आपण ‘किती प्रेमळ!’ म्हणतो. आपल्या घरचे मूल तसे कोणाही परक्याच्या गळ्यात पडले तर आपण चिंतेत पडू. आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय अधिनियमानेही हेच तत्त्व धरले आहे की, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा व कुटुंबाचा मार्ग आधी शोधावा.

यावर कोणी म्हणेल की, मग केडगावी आलेल्या परदेशी स्त्रियांचे काय? मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई मुक्तीत येऊन राहिली, रमाबाईंच्या खांद्यास खांदा लावून तिने काम केले. तो अपायच म्हणावयाचा काय? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्यातच आहे. ती बाई आली तेव्हा या देशात तिची अनेक वर्षे झाली होती. येथे वर्षानुवर्षे राहावयाचे ठरवूनच ती मुक्तीत आली, आणि संस्थेची धनीण म्हणून रमाबाई तेथे होत्याच. तिच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद असू शकेल, परंतु तिला पाहुणी म्हणता येणार नाही. परदेशी असणे हा दोष नव्हे. येणारा किती काळ राहणार, मुलांची भाषा त्यास येते काय, आणि तो गेल्यावर मुलाजवळ कोण उरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने आधी दिली पाहिजेत.

पुस्तक परत करावयास ती मुलगी आली, तेव्हा तिने सरळच विचारले, “काका, मग मी जाऊच नये का?” मी म्हटले, “बाळ, रमाबाई तिकडे काय करावयास गेल्या होत्या, ते तूच सांग.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “शिकायला.” मग म्हणाली, “पण त्यांना परत येऊन काय करायचं ते माहीत होतं. मला नाही.” या प्रामाणिक बोलण्यावर उपदेशाची भर घालणे मला प्रशस्त वाटले नाही. तिने तो बेत रहित केला. त्याचे तिला वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे मला खोटे ठरवावेसे वाटत नाही. माया देण्याची इच्छा असलेल्या तरुण मनास ‘थांब’ म्हणणे हे कोणत्याही वडीलधाऱ्यास सुखाचे नसते.

तिने ‘माझे पुराण’ मागून नेले आहे. प्रवासवृत्त वाचून झाल्यावर ते वाचावे, असेच मी वाचकांसही सुचवीन. पहिल्या पुस्तकात घर बांधू पाहणाऱ्या स्त्रीची दृष्टी आहे, दुसऱ्यात त्या घरात राहिलेल्या स्त्रीची. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून परोपकाराची परीक्षा पुरी होत नाही; आणि दुसऱ्या प्रकारची पुस्तके आपल्या भाषेत इतकी थोडी का, हा प्रश्न मात्र लेखकांपेक्षा आपणा वाचकांसच अधिक विचारावयाचा आहे.