चौथऱ्यावर साखर नाही

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये विल्यम बेकफर्डचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार जॉन फ्रान्सिस मूर, साल १७७२. फोटोत झूम करून पाहिलात तरी चालेल. शिल्प म्हणून मला तो बेताचाच वाटतो. खरी गोष्ट चौथऱ्यावरच्या मजकुरात आहे.

२३ मे १७७० रोजी लॉर्ड मेयर बेकफर्ड राजा तिसऱ्या जॉर्जसमोर उभा राहिला. रिवाज असा, की शहराचं गाऱ्हाणं मांडायचं, राजाचं उत्तर ऐकायचं आणि मुकाट निघायचं. हा गडी निघाला नाही, राजाला उलट बोलला. महिन्याभरात तो वारला आणि शहराने ते बोलणं दगडात कोरलं. तेही त्याचंच का, कोण जाणे! ते शब्द आपले, असं जॉन हॉर्न टुक पुढे सांगायचा.

मजकुरात १६८८च्या क्रांतीची आणि राज्यघटनेची दुहाई आहे. साखर कुठेच नाही. आणि बेकफर्ड घराणं म्हणजे साखरच. विल्यमचा जन्म जमैकातला. आजोबा तिथे काही काळ गव्हर्नर, वडील तिथल्या असेंब्लीचे स्पीकर. उसाच्या मळ्यांत राबायचे ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. त्या पैशातून विल्टशरमधली फॉन्टहिलची जमीन आली आणि जमिनीच्या मागोमाग पार्लमेंट. १७५४मध्ये तीन भाऊ एकदम निवडून आले: विल्यम लंडनमधून, रिचर्ड ब्रिस्टलमधून, ज्युलिन्स सॉल्झबरीतून. (आपल्याकडच्या साखरसम्राटांची आठवण झाली ना? पण आपले कारखानदार माणसं विकत घेत नव्हते.)

त्याला नुसता ढोंगी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जॉन विल्क्सच्या मागे तो खरोखर उभा राहिला, विकाऊ मतदारसंघांविरुद्ध बोलला. अडचण हीच आहे. त्याचं स्वातंत्र्य खरं होतं, आणि ते जमैकाच्या किनाऱ्यावर संपत होतं.

जानेवारी २०२१मध्ये सिटी ऑफ लंडनने पुतळा हलवायचं ठरवलं. ऑक्टोबरमध्ये मन बदललं: पुतळा राहील, शेजारी माहितीची पाटी येईल. पुतळा राहावा, असं मलाही वाटतं. पण शेजारची पाटी ही तळटीप झाली. मळ्यांचा हिशेब त्याच चौथऱ्यावर, भाषणाच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरायला हवा होता.