तबकडी सोडा, भिंत पाहा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूरकडे राहणाऱ्या माझ्या मामांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. अंधारं आकाश आणि त्यातून तिरप्या गेलेल्या तीन-चार पेटत्या रेषा. खाली लिहिलं होतं, ‘आत्ता अंगणातून काढला. काय असावं?’ मी पुण्यात बसून लगेच उत्तर ठोकलं, ‘एडिटेड आहे मामा. असले फॉरवर्ड टाकत जाऊ नका.’ मामांनी त्यावर काहीच लिहिलं नाही. मग बातम्या आल्या. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं. वातावरणात परत शिरलेल्या चिनी रॉकेटचे हे अवशेष असावेत, असं जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. मामांचा फोटो खरा होता. मी तो पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून मला आकाशातल्या अनोळखी वस्तूंचे फोटो वाचायचा नाद लागला. वाचायचा म्हणतो, कारण कवितेसारखेच तेही ओळीओळीने, कोपऱ्याकोपऱ्याने वाचावे लागतात. त्यातल्या एकाने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

११ मे १९५०. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, मॅकमिनव्हिल गावाबाहेरचं एक शेत. एव्हलिन ट्रेंट सशांना खायला घालत होत्या. त्यांना आकाशात तबकडीसारखं काहीतरी दिसलं, त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि पॉल ट्रेंट यांनी कॅमेरा आणून दोन फोटो काढले. ही त्यांनी सांगितलेली हकीगत. रोल संपायचा होता म्हणून तो लगेच धुतलाही नाही. जूनमध्ये फोटो आधी स्थानिक वर्तमानपत्रात आणि मग ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आले. उडत्या तबकडीचे सर्वांत प्रसिद्ध फोटो म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात.

फोटो उघडला की नजर सरळ तबकडीवर जाते. खालून सपाट, वर छोटं टोक. पण ती कितीही झूम केली तरी काही सांगत नाही. फोटोला वस्तूचा आकार कळत नाही, तिने आकाशातला किती कोन व्यापलाय एवढंच कळतं. हात लांब करून रुपयाचं नाणं धरलं तर पूर्ण चंद्र झाकला जातो. तसंच इथे. ही वस्तू किलोमीटरभर लांब असेल तर अजस्र, चार पावलांवर असेल तर हातात मावणारी. म्हणून ‘हे काय आहे?’च्या आधी ‘हे किती लांब आहे?’ हे विचारावं लागतं.

हा प्रश्न नीट विचारला तो विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने. अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या अभ्यासात तो होता. त्याची युक्ती आपल्याला घाटात उभं राहून कळेल. सह्याद्रीची जवळची रांग गडद, मागची निळसर, त्यामागची राखाडी. मधल्या हवेमुळे लांबची गडद गोष्ट फिकी होते. तबकडीची सावलीतली बाजू तशी फिकी होती. त्यावरून हार्टमनने अंतर किलोमीटरहून जास्त काढलं. म्हणजे वस्तू प्रचंड. १९६८च्या अहवालात ट्रेंट यांच्या बाजूने इतकं ठाम काही आलं, हे विश्वास ठेवणाऱ्यांना अजून पुरतं.

मग रॉबर्ट शेफरने तबकडी सोडून बाकीचा फोटो पाहिला. एक, लेन्सवर धूळ किंवा तेलकट थर असेल तर उजळ आकाशापुढची जवळची वस्तूही फिकीच दिसेल. हार्टमननेही पुढे हा आक्षेप मान्य केला. दोन, फ्रेमच्या कडेला गॅरेज आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर छपराच्या वाशांच्या सावल्या पडल्यात. ट्रेंट म्हणाले, फोटो संध्याकाळचा. संध्याकाळी ऊन पूर्वेच्या भिंतीवर येईल कसं? समोरच्या उजळ ढगामुळे सावल्या पडल्या असतील, असं उत्तर ब्रूस मॅकाबी यांनी दिलं. पण सावल्यांच्या कडा पाहून मला ते पटत नाही. तीन, फोटोत वर तारा आहेत आणि दोन्ही फोटोंत तबकडी त्या तारांच्या खालीच आहे. २०१३ मध्ये फ्रेंच अभ्यासकांनी, ती बारीक दोऱ्याने टांगलेली असावी, असाच निष्कर्ष काढला.

माझाही कौल तोच. सकाळच्या उन्हात तारेला लटकवलेली छोटी वस्तू, कदाचित ट्रकचा आरसा. शंभर टक्के नाही म्हणणार, पण पैज लावायची तर इथेच लावेन.

या वादात मला खटकतं ते वेगळंच. ‘साधी शेतकरी माणसं, ती कशाला खोटं बोलतील?’ हे एका बाजूचं आवडतं वाक्य. ट्रेंट दांपत्य शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं, हेही पुराव्यात धरलं जातं. ‘खेड्यातले लोक, त्यांना काय कळतंय!’ हे दुसऱ्या बाजूचं. दोघंही फोटो बाजूला ठेवून माणसं वाचतात. मी तेच केलं होतं. ‘मामा’ हे नाव दिसलं आणि ‘फॉरवर्ड’ हा निकाल तयार होता. आंधळा विश्वास आळशी असतो हे आपण सतत ऐकतो. आंधळा अविश्वासही तेवढाच आळशी असतो, शिवाय तो स्वतःला हुशार समजतो.

ट्रेंट यांच्या फोटोवर शंका घेणाऱ्यांनी सावल्या मोजल्या, तारा पाहिल्या, लेन्सचा विचार केला. इतका वेळ देऊन घेतलेल्या शंकेत फोटो काढणाऱ्याचा मानच असतो. मी मामांना तेवढाही दिला नाही.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा तो फोटो त्यांच्या मोबाइलवर पुन्हा मागितला. यावेळी रेषा सोडून कडा पाहिल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात अंगणातल्या बल्बचा पिवळा उजेड, आणि त्यात भिंतीला टेकवलेली, नुकतीच उतरवलेल्या गुढीची काठी. टोकाला कडुलिंबाची डहाळी तशीच. तारीख, जागा, सगळं फोटोतच होतं.

मामांना दाखवलं. ते म्हणाले, ‘अरे, ती काठी उचलायची राहून गेली होती.’