विभावावाचून अनुभाव

मनगटी घड्याळाने वेळ सांगावी ही जुनी अपेक्षा. आता ते मनावरचा ताणही सांगू लागले आहे. गार्मिनच्या घड्याळांत त्यासाठी ० ते १०० अशी मोजपट्टी असते. २५ पर्यंत विश्रांती, ७५ च्या पुढे तीव्र ताण. हा आकडा रोज निष्ठेने वाचणारांचा एक वर्गच तयार झाला आहे. तेव्हा त्याच्याकडे एक संहिता म्हणून पाहणे मला गैर वाटत नाही.

हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी किंचित बदलते. शरीर निवांत असताना हा बदल सहसा अधिक असतो, ते सज्ज झाले की कमी होतो. यंत्र वाचते ते हे. २०२० च्या ‘फिटबिट सेन्स’ने त्यात घामाच्या सूक्ष्म खुणांची भर घातली. आपल्या साहित्यशास्त्राला ही सामग्री अपरिचित नाही. भरताच्या आठ सात्त्विक भावांत स्वेद आहे, रोमांच आहे, वेपथूही आहे. पण घाम भयाने फुटतो तसा क्रोधाने आणि हर्षानेही फुटतो, हे तो जाणून होता. विभाव, म्हणजे भावाचे कारण, कळल्यावाचून अनुभावाचा अर्थ लागत नाही. यंत्राजवळ अनुभाव तेवढा आहे. मुलीच्या लग्नातली धांदल, तापाची कणकण आणि वरिष्ठांशी उडालेली खडाजंगी या तिन्हींना ते एकच नाव देऊ शकते : ताण.

या संहितेचे वाचक मला तीन प्रकारचे दिसतात. काही जण ती राशिभविष्यासारखी वाचून सोडून देतात. काही जण ‘हा कालच्या जागरणाचा’ असे म्हणून विभाव स्वतः पुरवतात. हे खरे रसिक. कित्येकदा त्यांना आपणच दुर्लक्षिलेला शीण त्यातून उमगतो. यंत्राचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तिसरे मात्र प्रसन्न मनाने उठतात, आकडा पाहतात आणि खिन्न होतात. त्यांनी अर्थ लावण्याचा आपला अधिकारच गहाण टाकलेला असतो.

नाडी पाहणारा वैद्यही मनगटच धरी. पण बोटे ठेवून तो विचारी, ‘झोप लागते का? घरी सारे ठीक ना?’ २०२२ च्या ‘सेन्स २’मध्ये मनःस्थिती नोंदवण्याची सोय आली खरी, परंतु ती ठरीव शब्दांच्या यादीतून निवडायची. आपल्या दुःखाचा नेमका शब्द त्या यादीत असेलच असे नाही. तो शोधणे हे ज्याचे त्याचेच काम आहे, आणि ते यंत्रावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.