तीन रकान्यांचा तक्ता

मत्स्यपालनाच्या बहुतेक पुस्तिकांत शेवटी एक तक्ता असतो. रोग, लक्षण, उपाय असे तीन रकाने. तुम्ही शेततळ्यात मासे सोडले असतील, तर तो व्हॉट्सॲपवर तुमच्याकडेही आला असेल. माझा पीएचडीचा विषय माशांचे रोग, त्यामुळे असे तक्ते माझ्याकडे ढिगाने जमलेत. आज त्यांच्याबद्दलच थोडं वाकडं बोलायचंय.

आधी चांगलं सांगते. माशांच्या उवांसाठी, म्हणजे आर्ग्युलससाठी, तक्ता बरोबर चालतो. काही मिलिमीटरची चपटी ऊ अंगावर सरकताना डोळ्यांना दिसते, गोंधळ होत नाही. पण उपायाच्या रकान्यात फक्त औषध लिहिलेलं असतं. औषधाने ऊ मरते, अंडी राहतात. ही अंडी दगड, बांबू अशा टणक पृष्ठभागावर घातलेली असतात. तळ्यात बांबू रोवून ठेवायचे आणि दर काही दिवसांनी काढून उन्हात कडकडीत वाळवायचे, हा बिनखर्चाचा उपाय तक्त्यात क्वचितच सापडतो.

खरी गडबड होते ती ‘अंगावर लाल चट्टे’ या ओळीपाशी. ऊ चावली तरी चट्टा, जिवाणू शिरले तरी चट्टा, आणि ईयूएस या बुरशीसदृश जीवाच्या रोगाची सुरुवातही चट्ट्यानेच. हा रोग भारतात 1988 मध्ये ईशान्येकडून शिरला आणि पावसाळ्यानंतर पाणी थंडावलं की डोकं वर काढतो. मग ओळखायचा कसा? तळ्यातल्या कोणत्या माशाला काही झालेलं नाही, ते बघा. मरळ, मृगळ जखमांनी भरलेत आणि त्याच पाण्यातला सायप्रिनस ठणठणीत आहे, तर ईयूएसचा संशय बळावतो, कारण सायप्रिनस आणि तिलापिया त्याला सहसा दाद देत नाहीत. पक्कं निदान मात्र जखमेच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. तक्त्यात ‘निरोगी मासे कोणते’ असा रकानाच नाही!

वेळेचाही नाही. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून तरंगतायत, मोठे आधी मेले, छोटे वाचले, तर बहुधा पाण्यातला प्राणवायू संपलाय. तिथे प्रतिजैविक टाकून काय साधणार? रोगात मर सहसा हळूहळू चढत जाते.

आमच्या संशोधकांनाही सोडत नाही. मेलेल्या माशातून एरोमोनास जिवाणू मिळाला, म्हणून तोच मारेकरी, असं छापलेलं वाचते तेव्हा चिडचिड होते. एरोमोनास तळ्याच्या पाण्यात कायमच असतो. मासा अशक्त झाला की तो आत घुसणारच.

आणि मात्रा. ‘2 पीपीएम पोटॅशियम परमँगनेट’ लिहायला सोपं. 1 पीपीएम म्हणजे 1 घनमीटर पाण्याला 1 ग्रॅम. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं म्हणजे 2700 घनमीटर, असा हिशेब सर्रास होतो. पण तळ्याला उतार असतो. 1:1.5 उतार धरला तर तळाशी ते 21 बाय 21 भरतं आणि काठोकाठ पाणी 1971 घनमीटर. पाणी 2 मीटरच असेल तर फक्त 1158. म्हणजे 2.3 किलोच्या जागी 5.4 किलो, दुपटीहून जास्त. शिवाय गढूळ, सेंद्रिय गाळाच्या पाण्यात परमँगनेट गाळावरच खर्ची पडतं. म्हणजे एका तळ्यात माशांचे कल्ले भाजतात, दुसऱ्यात काहीच होत नाही, आणि दोन्हीकडे दोष औषधाला.

तेव्हा मासे आजारी दिसले तर आधी पाण्याची खोली मोजा, आणि प्रयोगशाळेत मेलेला नाही, जिवंत आजारी मासा न्या. त्याच तळ्याचं पाणी आणि प्राणवायू भरलेली पिशवी, मत्स्यबीज आणतो तशी. मेलेल्या माशाचे कल्ले काही तासांतच पांढरे पडतात, मग आम्हालाही अंदाजच बांधावा लागतो.