प्राचीन हिब्रूंचा इतिहास : ग्रंथसाक्ष आणि भूमिसाक्ष

प्राचीन हिब्रू लोकांच्या इतिहासलेखनातील अडचण साधनांच्या अभावाची नसून साधनांच्या स्वरूपाची आहे. हिब्रू बायबल हे यातील प्रमुख लिखित साधन होय. तथापि त्यातील ग्रंथ अनेक शतकांत रचले व संपादिले गेले असून त्यांमागील प्रेरणा प्रामुख्याने धार्मिक आहे. त्यामुळे ग्रंथ प्रमाण मानून उत्खननाला केवळ त्याचा साक्षीदार ठरविण्याची पद्धत सदोष ठरते. जेरिको हे याचे बोलके उदाहरण आहे. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तेथील पडलेल्या तटबंदीचा संबंध यहोशवाच्या स्वारीशी जोडला. कॅथलीन केनियन यांच्या उत्खननाने (१९५२-५८) ती तटबंदी कित्येक शतके आधीची असल्याचे दाखविले.

मात्र शिलालेख निःपक्षपाती असतात, हे गृहीतकही तितकेच तपासून घ्यावे लागते. थीब्ज येथे १८९६ मध्ये सापडलेल्या मर्नेप्ताहच्या शिलालेखात (इ. स. पू. सुमारे १२०८) इस्राएलचा बायबलबाह्य असा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख येतो, तो त्याचा निर्वंश झाल्याचे सांगण्यासाठी! मवाबचा राजा मेशा यानेही नवव्या शतकातील आपल्या लेखात इस्राएल कायमचा नष्ट झाल्याची ग्वाही दिली. दोन्ही दावे असत्य ठरले. तरीही इस्राएलचे अस्तित्व सिद्ध करण्यास तेच उपयोगी पडतात. लेखाचा हेतू एक आणि त्याची ऐतिहासिक उपयुक्तता दुसरी, हा भेद येथे स्पष्ट होतो. बायबलने मोजक्या वचनांत आटोपलेल्या अम्री राजाचे राजकीय महत्त्वही मेशाच्या व अ‍ॅसिरियन लेखांमुळेच उमगते.

सामान्यांच्या जीवनाविषयी राजलेख मौन पाळतात. तेथे शोमरोन येथे १९१० मध्ये मिळालेली, द्राक्षारस व तेलाच्या नोंदींची खापरे, डोंगराळ भागातील चार दालनांची घरे आणि पाणी साठविण्याच्या टाक्या बोलू लागतात. खापरांवरील व्यक्तिनामांत याहवे व बआल या दोन्ही देवतांची नावे गुंफलेली आढळतात. एकेश्वरी निष्ठेचे ग्रंथांतील चित्र त्यामुळे अधिक गुंतागुंतीचे होते. परंतु या अवशेषांनाही मर्यादा आहेत. डुकराच्या हाडांचा अभाव म्हणजे हिब्रू वस्ती, हे समीकरण सर्वत्र टिकत नाही. कारण आहार हा परिसर व अर्थव्यवहार यांवरही अवलंबून असतो.

सारांश, ग्रंथ, शिलालेख आणि खापर यांपैकी कोणतेही एक साधन स्वयंप्रमाण नाही. प्रत्येकाला त्याच्या हेतूसह व काळासह प्रश्न विचारणे, आणि परस्परविरोध घाईने न मिटविणे, हीच इतिहासकाराची खरी कसोटी होय.